बाळाची पेज आणि आईचा वेळ

मुलांना पुड्यातले खाऊ न घालता घरचे, ताजे, साधे अन्न द्यावे, असा सल्ला आज बालरोगतज्ज्ञांपासून अंगणवाडी सेविकेपर्यंत सगळेच देतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेतही अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांपासून दूर राहण्याची शिफारस आहे. सल्ला योग्यच आहे. मात्र तो देताना बहुतेक वेळा असे गृहीत धरले जाते की आयांनी घरचे अन्न कंटाळ्यापोटी किंवा जाहिरातीला भुलून सोडले आणि नीट समजावून सांगितले की त्या पुन्हा त्याकडे वळतील. गेल्या शंभर वर्षांतील घडामोडी पाहिल्या तर हे गृहीतक टिकत नाही. बाळाच्या वाटीत काय पडते हे आईला काय ठाऊक आहे यापेक्षा तिच्या हाताशी किती वेळ आणि किती धान्य आहे यावर अधिक ठरत आले आहे, आणि ही गोष्ट कायदे, कारखाने व सरकारी योजना यांच्या इतिहासात ठिकठिकाणी दिसते.

बाळाला वरचे अन्न कधी सुरू करावे याविषयी आपल्याकडची समजूत जुनी आहे. सहाव्या महिन्यात बाळाला हलके व हितकर अन्न द्यावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे, आणि उष्टावणाचा विधी त्याच सुमारास करण्याची रीत अनेक घरांत आजही आहे. त्यानंतरचे अन्न प्रदेशाप्रमाणे बदलत असे. कोकणात व घाटमाथ्यावर नाचणीचे सत्त्व आणि भाताची पेज, देशावर मुगाचे कढण, वरणाची निवळ आणि दुधात कुस्करलेली भाकरी, विदर्भाच्या पूर्वेकडे मऊ भात. यांपैकी नाचणीची कृती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. धान्य रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायचे, मंद आचेवर भाजायचे, जात्यावर दळायचे आणि वस्त्रगाळ करायचे. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे आता सर्वांना माहीत झाले आहे; मोड आणण्याचे महत्त्व मात्र तितकेसे लक्षात घेतले जात नाही. बाळाचे पोट लहान असते आणि पिठाची खीर शिजली की फुगून घट्ट होते, त्यामुळे पोट भरते पण ऊर्जा कमी मिळते. खीर पातळ करावी तर नुसते पाणीच पोटात जाते. मोड आलेल्या धान्यात अमायलेज नावाचे विकर (एन्झाइम) तयार होते आणि ते पिष्टाचे रेणू तोडते, म्हणून तेवढ्याच पिठाची खीर पातळ राहते आणि बाळ ती पुरेशी पिऊ शकते. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुणधर्मावर सविस्तर संशोधन केले, आणि घराघरांतील बायका जे करत आल्या होत्या त्यामागचे रसायन स्पष्ट झाले.

म्हणून जुने ते सारे शहाणपणाचे होते असे मात्र म्हणता येणार नाही. बाळंतपणानंतरचे पहिले घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, वाईट समजून पिळून टाकण्याची चाल अनेक समाजांत होती. ज्या दुधात रोगप्रतिकारक घटक सर्वाधिक असतात तेच बाळाला नाकारले जाई. त्याऐवजी मधाचे बोट चाटवत, गुटी उगाळून देत, आणि उष्टावण झाल्यावरही कित्येक घरांत वर्षभर बाळ जवळजवळ अंगावरच्या दुधावरच राही. बाळंतिणीला डिंक, आळीव, खारीक खाऊ घालणारी घरे होती, तशीच तिला पथ्याच्या नावाखाली अर्धपोटी ठेवणारीही होती. परंपरेचे नाव घेताना दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्यात, कारण आजही काही घरांत चीक टाकला जातो.

आईचा वेळ बाळापासून हिरावला जाण्याची पहिली मोठी, नोंदवली गेलेली घटना मुंबईच्या गिरण्यांत सापडते. दिवसभर साच्यांवर उभ्या राहणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना चाळीतल्या खोलीत ठेवून जात, आणि मूल झोपून राहावे म्हणून त्याला बाळागोळी दिली जाई. तिच्यात अफू असे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणांची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांची नेमणूक केली होती. त्यांच्या पाहणीतून ही चाल किती सर्रास होती ते पुढे आले, आणि रॉयल कमिशन ऑन लेबरच्या १९३१ च्या अहवालातही तिची दखल घेतली गेली. अफू देणाऱ्या आईला अडाणी ठरवणे सोपे होते; पण गिरणीचा भोंगा वाजल्यावर दूध पाजायला घरी येणे तिच्या हातात नव्हते. १९२८ च्या जुलैमध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मूळ प्रश्नालाच हात घातला. प्रसूतीच्या आगेमागे स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने या खर्चाचा भार उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा हा देशातील अशा स्वरूपाचा पहिला कायदा. पुढे १९६१ मध्ये केंद्रीय कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, परंतु शेतमजुरी, घरकाम, वीटभट्टी, ऊसतोड अशा कामांतील स्त्रिया, म्हणजे बहुसंख्य कष्टकरी माता, या रजेच्या कक्षेबाहेरच आहेत.

गिरण्यांच्या याच काळात डबाबंद दूध आले. आंरी नेस्ले यांनी स्वित्झर्लंडमधील व्हेवे येथे १८६७ साली दूध व पिठाचे बालान्न बाजारात आणले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विलायती दूध पावडरीचे डबे मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांत दिसू लागले. १९२४ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने देशभर बालसप्ताह साजरा झाला, ठिकठिकाणी बालप्रदर्शने भरली, आणि गुबगुबीत, गोरेगोमटे मूल हेच निरोगी मूल अशी एक प्रतिमा मनांत पक्की होत गेली. सुदृढ बालक स्पर्धांना पुढे दूध पावडर विकणाऱ्यांचा आश्रय मिळाला, ही काही योगायोगाची गोष्ट नव्हती. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी देशी बालान्नाची गरज भासली. १९५५ मध्ये आणंदला म्हशीच्या दुधाची पावडर करणारा कारखाना सुरू झाला, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालान्न करण्याची पद्धत सिद्ध केली आणि अमूलने ते बाजारात आणले. सहकारी दूध उत्पादकांच्या दृष्टीने हे मोठेच यश होते. पण ज्या घरात स्वच्छ पाणी नाही आणि पूर्ण डबा परवडत नाही, तिथे तीच पावडर पातळ करून, न उकळलेल्या पाण्यात कालवून, बाटलीने पाजली गेली की त्यातून जुलाब आणि कुपोषण ओढवे. डेरिक जेलिफ या बालरोगतज्ज्ञांनी अशा कुपोषणाचे मूळ व्यापारातच असल्याचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस ठामपणे मांडले.

घरच्या अन्नावरचा विश्वास उडवण्यात विज्ञानाचाही एक वाटा होता, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात आजच्या घानामध्ये क्वाशिओरकोर या, कुपोषित मुलांच्या अंगावर सूज आणणाऱ्या आजाराचे वर्णन केले. त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत गरीब देशांतील मुलांच्या कुपोषणाचे मुख्य कारण प्रथिनांचा तुटवडा आहे, असे मत आंतरराष्ट्रीय संस्थांत प्रबळ झाले. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिनसंकटाचा इशारा दिला. मग शेंगदाणा पेंडीचे पीठ, सोयाबीन, दूध पावडर यांची मिश्रणे कारखान्यांत तयार होऊ लागली. घरातल्या वरणभातात काहीतरी मूलभूत उणीव आहे आणि ती बाहेरून भरून काढावी लागेल, हे त्यामागचे सूत्र होते. या मताला आव्हान देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले आणि जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख राहिलेले डॉ. पां. वा. सुखात्मे अग्रभागी होते. भारतीय घरांतील आहाराची आकडेवारी तपासून त्यांनी दाखवले की ज्या मुलांना प्रथिने कमी पडतात त्यांतील बहुतेकांना मुळात एकूण अन्नच कमी पडते. धान्य आणि डाळ यांचा नेहमीचा आहार पोटभर मिळाला तर प्रथिनांची गरज त्यातून भागते. पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांचेही निष्कर्ष त्याच दिशेचे होते. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी लायसीन धान्यात कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते, डाळीत मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल कमी असते आणि ते धान्यातून मिळते, त्यामुळे वरणभात किंवा खिचडी या जोड्या एकमेकांची उणीव भरून काढतात. १९७४ पर्यंत जागतिक वैद्यक नियतकालिकांतही प्रथिनतुटवड्याच्या सिद्धान्ताची उघड चिकित्सा सुरू झाली होती. माझ्या मते सुखात्म्यांच्या या कामाचे मोल महाराष्ट्राने अजून पुरते ओळखलेले नाही, कारण मुलाला प्रथिनांची भुकटी द्यावी का, असा प्रश्न आजही खाऊनपिऊन सुखी घरांतील पालक विचारतात.

बालान्नाच्या विक्रीवर बंधने आणण्याची चळवळ त्यानंतर जोर धरू लागली. ४ जुलै १९७७ रोजी अमेरिकेत नेस्लेवरील बहिष्कार सुरू झाला आणि २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांसाठी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता मंजूर केली. विरोधातले एकमेव मत अमेरिकेचे होते. भारतात या विषयावर काम करणारे ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात स्थापन झाले. मुंबईतील अकॅश ही ग्राहक संघटनाही याच सुमारास सक्रिय होती. १९९२ मध्ये संसदेने बालदुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि बालान्न यांविषयीचा कायदा केला. डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापण्यास मनाई आणि आईचे दूध सर्वोत्तम असल्याची सूचना सक्तीची झाली. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बालान्नाच्या जाहिरातीही बंद झाल्या आणि वरचे अन्न चारऐवजी सहा महिन्यांनंतर, ही मर्यादा कायद्यात आली. दोन वर्षांवरील मुलांसाठीची बिस्किटे, चिप्स आणि गोड पेये या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, आणि बाजाराने आपला मोर्चा नेमका तिकडे वळवला.

सरकारी पोषण आहाराची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत व पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडीचा प्रयोग केला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात मेळघाटातील धारणीची निवड झाली. मात्र अंगणवाडीत काय शिजवायचे हा प्रश्न सुरुवातीपासून वादाचा राहिला. १९७२ च्या दुष्काळात वाटलेली सुकडी, म्हणजे कोरडे तयार पूरक अन्न, अनेकांच्या स्मरणात आहे. तयार, कोरडे, पोत्यातून वाहून नेता येईल असे अन्न प्रशासनाला सोयीचे वाटते. अन्नाच्या हक्काविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये अंगणवाडीच्या पुरवठ्यात कंत्राटदार नकोत, स्थानिक महिला मंडळे व बचत गट असावेत, असा आदेश दिला. तरीही महाराष्ट्रात तीन वर्षांखालील मुलांसाठी टीएचआरचे, म्हणजे घरी नेण्याच्या तयार आहाराचे, पुडे मोठ्या पुरवठादारांकडूनच येत राहिले, आणि मुले ते खात नाहीत अशा तक्रारी जिल्ह्याजिल्ह्यांतून होत्या. २०१६ च्या निविदेच्या अटी लहान बचत गटांना दूर ठेवणाऱ्या असल्याचे मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ती निविदा रद्द केली. याउलट, आदिवासी भागांत २०१५ पासून चाललेल्या अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना रोज एक वेळचे गरम जेवण अंगणवाडीतच शिजवून मिळते. निधी वेळेवर न पोहोचणे हे तिचे जुने दुखणे आहे, परंतु आईला आधी जेवू घालण्याची तिची दिशा मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, सहा ते तेवीस महिन्यांच्या भारतीय मुलांपैकी केवळ सुमारे ११ टक्क्यांना किमान पुरेसा आहार मिळत होता, आणि महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. एप्रिल २०२४ मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅक या नेस्लेच्या बालान्नात प्रत्येक वाढणीमागे सरासरी २.७ ग्रॅम जादा साखर असल्याचे प्रसिद्ध केले. कंपनीने पाच वर्षांत साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केल्याचे उत्तर दिले. या वादाची चर्चा खूप झाली. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या जेवणाची तितकी होत नाही. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून जोडपी निघतात, पहाटेपूर्वी फडात कोयता सुरू होतो, लहान मूल कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, थोरल्या बहिणीच्या स्वाधीन असते आणि त्याच्या हाती बिस्किटाचा पुडा असतो, कारण तो शिजवावा लागत नाही. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने २००५ मध्ये अशी तरतूद केली की कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला मजुरी देऊन नेमावे. उसाच्या फडाला हा नियम लागू नाही. गावच्या अंगणवाडीतील नाव आता पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरून दुसरीकडे हलवता येते, पण कोपीपासून अंगणवाडी दूर असली तर सकाळी मुलाला तिथे नेऊन पोहोचवण्यासाठी आई मोकळी नसते, आणि तिच्या त्या दिवसाच्या मजुरीची भरपाई करणारी कोणतीही योजना साखर कारखान्यांच्या हिशेबात अद्याप धरलेली नाही.