बोल्ट मोजले की गिअरबॉक्स कळतो?

समज असा: जुन्या शेव्हरले पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सखालच्या ऑइल पॅनचे बोल्ट मोजा, मॉडेल कळलं.

अर्धंच खरं. 17 बोल्ट म्हणजे ४एल८०ई, इथपर्यंत ठीक. पण टीएच३५० आणि टीएच४०० दोघांनाही 13च. तिथे पॅनचा आकार बघा: साधारण चौकोनी, एक कोपरा छाटलेला, तर ३५०, वेडावाकडा असेल तर ४००. ४००च्या किकडाउनला (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर टाकणारी यंत्रणा) वायर असते, ३५०ला केबल.

16 बोल्ट ७००आर४लाही, ४एल६०ईलाही. थ्रॉटलकडून केबल येत असेल तर पहिला. वायरिंगचा जाड गोल प्लग असेल तर दुसरा.

ग्लोव्हबॉक्समधल्या स्टिकरवर एम३० हा कोड म्हणजे ४एल६०ई, एमटी१ म्हणजे ४एल८०ई. मात्र ते कारखान्यातलं. मधे कुणी गिअरबॉक्स बदलला असेल, तर स्टिकरला काय पत्ता! म्हणून गाडीखाली शिरावंच लागतं.