डीरेटिंग

डीरेटिंग : इलेक्ट्रॉनिक मंडलातला प्रत्येक घटक त्याच्या कमाल मर्यादेपर्यंत न ताणता, मुद्दाम तिच्या बराच खाली वापरण्याची पद्धत. कोकणात दुरुस्तीच्या टेबलावर हा शब्द फारसा ऐकू येत नाही. तिथे ‘मोठ्या व्होल्टचो घाल’ एवढ्यावर काम भागते. अर्थ तोच.

घटकावर छापलेला आकडा अटीसह येतो; अट मात्र माहितीपत्रकात राहते. पाव वॅटचा फिल्म रोधक साधारणपणे ७० अंश सेल्सियसपर्यंतच पाव वॅटचा असतो. त्यापुढे त्याची क्षमता सरळ रेषेत उतरत १५५ अंशांना शून्य होते. ॲम्प्लिफायरमध्ये हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) खेटून, १०० अंशांच्या हवेत बसवलेला तोच रोधक ०.१६ वॅटचाच उरतो. शिवाय उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते. २३० चे २६० व्होल्ट झाले की थेट लाइनवरच्या रोधकात २८ टक्के जास्त उष्णता निघते. म्हणून रोधक छापलेल्या वॅटच्या निम्म्यावर चालवण्याचा प्रघात आहे.

भजनाच्या आणि दशावताराच्या जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये हमखास सापडणारा २एन३०५५ ट्रांझिस्टर घ्या. ६० व्होल्ट, १५ अँपियर, ११५ वॅट. पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार ९०० होतो. म्हणजे तिन्ही मर्यादा एकाच वेळी गाठता येत नाहीत, हे उघडच आहे. ११५ वॅटसुद्धा ट्रांझिस्टरची धातूची टोपी २५ अंशांवर असेल तरच. पुढच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.६६ वॅट वजा होतात. टोपी ९० अंशांवर गेली की हाती उरतात जेमतेम ७२. जास्त व्होल्टेजवर तर ‘सेकंड ब्रेकडाउन’मुळे (प्रवाह आत एकाच ठिकाणी एकवटून तो बिंदू जळण्यामुळे) मर्यादा त्याहूनही खाली येते. रात्रभर चालणाऱ्या नाटकात पहाटेच्या सुमारास आवाज फाटू लागला, तर आधी हीटसिंकला हात लावून पाहावा.

मच्छीमार नौकेवरची ‘१२ व्होल्ट’ बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टपर्यंत चढते. तिथे १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर लावला की तो मर्यादेच्या ९० टक्क्यांवर पोचलाच. २५ चा लावला तर ५८ टक्के. सॉलिड टँटॅलम जातीच्या कंडेन्सरच्या बाबतीत छापलेल्या व्होल्टच्या निम्म्याहून वर जाऊ नये, कारण तो बिघडताना शॉर्ट होतो आणि पेटूही शकतो. इलेक्ट्रोलिटिकचा खरा शत्रू उष्णता. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. १०५ अंशांना २,००० तासांचा कंडेन्सर ६५ अंशांना सुमारे ३२,००० तास टिकतो, म्हणजे अखंड चालू ठेवला तर साडेतीन वर्षांहून थोडा जास्त. किनाऱ्यावर मे महिन्यातही हवा विदर्भासारखी पोळत नाही, यावर विसंबू नये. घटकाला लागते ती पत्र्याच्या केबिनमधल्या बंद डब्याची हवा, वेधशाळेतली नव्हे.

ॲनालॉग मंडलात (जिथे व्होल्टेजचे नेमके मूल्यच महत्त्वाचे असते) घटक जळण्याच्या कितीतरी आधी चुकू लागतो. प्रति अंश १०० भाग प्रति दशलक्ष बदलणारा रोधक ४० अंश तापला की त्याचे मूल्य ०.४ टक्क्याने सरकते. सेट चालू असतो, दिवा लागतो, फक्त मोजमाप खोटे येते. हा बिघाड सर्वांत त्रासदायक, कारण तक्रार कशाची करायची हेच गिऱ्हाइकाला सांगता येत नाही.

अंतराळयानांसाठी घटकवार डीरेटिंगच्या तपशीलवार मार्गदर्शिका आहेत. नासाची आहे, युरोपीय अंतराळ मानकांच्या ‘ईसीएसएस’ मालेतही आहे. कोकणातली मोठी अडचण मात्र त्यांच्या तक्त्यांत बसत नाही, कारण ती खाऱ्या दमटपणाची आहे. डीरेटिंगने उष्णतेचा आणि व्होल्टेजचा ताण कमी होतो, मीठ अडत नाही. उलट कमी भारावरचा घटक थंड राहतो आणि स्वतःच्या उबेने ओल उडवू शकत नाही. पातळ निक्रोम (निकेल-क्रोमियम मिश्रधातू) थराच्या रोधकात ओल शिरली, तर किरकोळ डीसी व्होल्टेजनेही तो थर झिजून रोधक तुटतो. रिलेचेही (विजेने चालणाऱ्या स्विचचेही) तसेच. मोठ्या प्रवाहाच्या रिलेतून अगदी क्षीण संदेश नेला, तर संपर्कबिंदूंवर साचलेला गंजाचा पातळ थर फुटत नाही आणि जोड लागत नाही. मोठे घातले की काम झाले, ही समजूत इथे फसते.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नौका वर ओढलेल्या, त्यांवरचे इलेक्ट्रॉनिक सेट बंद, डब्यात ओल. नारळी पौर्णिमेच्या आगेमागे सेट दुरुस्तीला आला आणि उघडला, की तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा थर दिसतो, आणि शेजारी दुप्पट व्होल्टचा कंडेन्सर धडधाकट उभा असतो. अशा वेळी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर संरक्षक लाखेचा हात देतात. बोर्ड ओला असताना लाख दिली तर ओल आतच कोंडली जाते.