अर्ध्या लिटरचा 'एसी' आणि भुसावळचं ऊन

एप्रिल लागला की मोबाईलवर एक जाहिरात हमखास फिरू लागते. तळहाताएवढा पांढरा डबा, त्याला निळा दिवा, तोंडातून निघणारं धुकं आणि खाली मजकूर: 'मिनी एसी. जपानी तंत्रज्ञान. पाच मिनिटांत खोली गार. वीजबिल नाममात्र.' जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकलेला असतो, गच्चीवर अंथरूण टाकलं तरी डोळा लागत नाही. अशा वेळी हजार-दीड हजारात गारवा मिळतोय म्हटल्यावर कुणी भुललं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त पैसे भरण्याआधी जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरातला एक आकडा शोधा. टाकी किती मिलीची? ३००, ५००, फार तर ७००. पुढचा सगळा हिशोब त्या आकड्यातून निघतो.

डबा उघडला की आत निघतो एक चिमुकला पंखा, त्याच्या पुढ्यात कागदाची किंवा स्पंजची ओली पट्टी आणि वर टाकी. कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही, गरम हवा बाहेर टाकायची सोय नाही. म्हणजे हा एसी नव्हेच, खिडकीला बसवतो तो कुलरच, खेळण्याच्या मापाचा. कुलर असण्यात कमीपणा काहीच नाही. बाष्पीभवनाइतकी स्वस्त आणि जोरकस थंडी दुसरी नाही, आणि मला विचाराल तर शाळेत या विषयावर माठाचं उदाहरण देऊन धडा उरकतात, तो अन्याय आहे.

पाण्याचे सगळे रेणू सारख्या वेगाने पळत नसतात. पृष्ठभागावरचे जे सर्वांत वेगवान, तेच शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निसटतात. वर्गातली उंच मुलं उठून गेली की उरलेल्यांची सरासरी उंची उतरते, तसा मागे राहिलेल्या पाण्याचा सरासरी वेग, म्हणजेच तापमान, उतरतं. ही ओढ तोडायला लागणारी ऊर्जा थोडीथोडकी नसते. ३० अंशांचं १ लिटर पाणी उकळीपर्यंत तापवायला सुमारे ३०० किलोज्यूल लागतात. तेच पाणी ३० अंशांनाच वाफ होऊन उडायचं तर साधारण २,४०० किलोज्यूल, म्हणजे आठपट. ही उष्णता पाणी आजूबाजूच्या हवेतूनच उचलतं. तासाला १ लिटर पाणी उडालं तर ६७० वॅटच्या आसपास थंडावा मिळाला असं समजा.

आता डब्याकडे येऊ. अर्धा लिटर पाणी पाच तास पुरतं, असं जाहिरातच अभिमानाने सांगते. तासाला १०० मिली. थंडावा ६७ वॅट. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर १०० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकत असतं. म्हणजे हा 'एसी' खोली गार करणं राहू द्या, त्याच्यासमोर बसलेल्या गिऱ्हाइकाचीच उष्णता त्याला झेपत नाही! १ टनाचा खरा एसी सुमारे ३,५०० वॅट उष्णता उपसतो. तंत्रज्ञान जपानी असो की आणखी कुठलं, पाण्याचा हा आकडा बदलत नाही.

याउलट आपला गवताच्या जाळ्यांचा कुलर बघा. भर दुपारी तो तासाला ६ लिटर पाणी प्यायला, तर हिशोबाने ४ किलोवॅट झाले. एसीशी सरळ तुलना मात्र करू नका, कारण यातला बराचसा थंडावा बाहेरून ओढलेली तापलेली हवा निववण्यातच खर्च होतो. तरीही कुलर किती थंड करू शकेल याला एक मर्यादा आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा. पारा उतरत जाऊन एका जागी थांबेल. कुठलाही साधा कुलर त्याच्या खाली जाऊ शकत नाही. मे महिन्यात हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा थांबा येतो २३ अंशांच्या आसपास. चांगल्या जाळ्यांचा कुलर मधल्या अंतराच्या तीन-चतुर्थांश मजल मारतो, म्हणजे झोत २८-२९ अंशांचा. खानदेशात कुलर इतका चालतो तो यामुळेच. मृगाच्या सरी पडल्या की हिशोब फिरतो. हवा ३५ अंश, आर्द्रता ७० टक्के, ओल्या फडक्याचा थांबा ३० वर. कुलर चार अंशही उतरवत नाही, वर अंग चिकचिकतं ते वेगळंच. खिडक्या बंद ठेवून कुलर लावणारे ही चिकचिक भर मे महिन्यात ओढवून घेतात.

'बर्फ टाका आणि अनुभव घ्या' हाही एक मोह. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो, १ लिटर पाणी उडताना त्याच्या सातपट. शिवाय पाणी बर्फगार झालं की उडतंही कमी.

गळ्यात अडकवायचे पंखे येतात त्यांची गोष्ट वेगळी. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश. त्याहून गरम हवा अंगावर आली तर ती उष्णता देऊनच जाते, आणि घाम भराभर उडाला तरच सौदा फायद्यात. ४० अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते ते यासाठी. मानेवर ओला रुमाल असेल तर हाच पंखा कामाला येतो. काहींमध्ये गार पडणारी धातूची पट्टी असते. तो १८३४ साली सापडलेला पेल्तिए परिणाम. वीज सोडली की पट्टीची एक बाजू गार, दुसरी गरम. गरम बाजूची उष्णता तुमच्या कानाजवळच सोडली जाते. मानेला बरं वाटतं, शरीराचं तापमान काही उतरत नाही. 'ऋण आयन' सोडून उष्माघात टाळणारी लॉकेटं तर खिशात कांदा ठेवण्याच्या पंक्तीतली. कांदा निदान संध्याकाळी भाकरीबरोबर खाता येतो.

चार्जरची वायर लावून चालणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल एक ठोकताळा पुरेसा आहे. ५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे १० वॅट. एवढ्या विजेवर पंखा फिरेल, खोली गार होणार नाही.

राहिला चाकांवरचा, नळीवाला पोर्टेबल एसी. त्यात कॉम्प्रेसर असतो, तेव्हा फसवणूक नाही. पण एकाच नळीचा असेल तर तो खोलीतलीच हवा वापरून बाहेर फेकतो आणि तेवढीच ४४ अंशांची हवा दाराच्या फटीतून आत शिरते. दोन नळ्यांचा मिळाला तर तो घ्या. एकाच नळीचा असेल तर ती शक्य तितकी आखूड ठेवा, कारण ती स्वतःच तापून खोलीत उष्णता सोडते, आणि खिडकीतली उरलेली मोकळी जागा प्लायवूडने बुजवून टाका.