जुन्या रंगातलं शिसं

अमेरिकेत १९७८ साली घरगुती रंगांत शिसं वापरायला बंदी आली. त्याआधी बांधलेलं घर विकताना किंवा भाड्यानं देताना, रंगात शिसं असल्याचं माहीत असेल तर ते मालकानं लेखी कळवायचं, असा नियम १९९६ पासून आहे. न्यू जर्सीत जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांसमोरही सह्यांच्या गठ्ठ्यात हा कागद येतो. तो नीट वाचायला हवा. मालकानं तपासणी केलीच पाहिजे, असं बंधन नाही. 'माहिती नाही' या चौकोनावर खूण असली, म्हणून घरात शिसं नाही असं होत नाही. स्वतः तपासून घ्यायला खरेदीदाराला १० दिवस मिळतात. ते कृपा करून सोडू नका.

भिंतीवर घट्ट बसलेला रंग फारसा त्रास देत नाही. धोका धुळीचा. वर-खाली सरकणाऱ्या खिडकीची झडप चौकटीला घासते, रंगाची पूड खालच्या फळीवर साचते, तिथून जमिनीवर येते. रांगतं बाळ हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. शिसं शरीरात कॅल्शियमची जागा बळकावतं. मुलांच्या आतड्यांतून ते मोठ्यांपेक्षा जास्त शोषलं जातं, लोह कमी असेल तर आणखीच. मेंदूची वाढ बिघडते, आणि हाडांत साठलेलं शिसं वर्षानुवर्षं राहतं. रक्तात अमुक इतकं चालेल, अशी सुरक्षित पातळी आढळलेली नाही.

घराची दुरुस्ती काढली की ही धूळ कैक पटींनी उडते. म्हणून २०१० पासून अमेरिकेत अशा घरांत एका खोलीतला ६ चौरस फुटांहून जास्त रंग उखडायचा किंवा खिडकी बदलायची, तर प्रमाणपत्रधारक कंत्राटदारच लागतो. ज्योतीनं रंग जाळायचा नाही, धूळ ओढून घेणारं यंत्र जोडल्याशिवाय सँडर (रंग घासून काढणारं यंत्र) चालवायचा नाही. मालक राहत्या घरात स्वतः काम करत असेल तर मात्र नियम लागू नाही. ही पळवाट मला फार खटकते, कारण मुलं त्याच घरात असतात.

आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून नव्या घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, आहे. गिरगावातल्या किंवा सदाशिव पेठेतल्या जुन्या भिंतींवरच्या आतल्या थरांना ती कुठली लागू! रंगारी पत्र्यानं खरवडून कोरडाच पॉलिश पेपर मारतात आणि ती धूळ आधी त्यांच्याच छातीत जाते. भिंत ओली करून घासायला सांगा, खाली प्लॅस्टिक अंथरा, झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसून घ्या. काम आटोपून सफाई होईपर्यंत लहान मुलं आणि गरोदर बाई त्या घरात नकोत.