नाण्यावरचा आकडा: किंमत की वय?

नव्या संसद भवनाचे उद्घाटन 28 मे 2023 रोजी झाले, तेव्हा 75 रुपयांचे नाणे काढण्यात आले. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीची खूण म्हणून 75. वजन 35 ग्रॅम आणि त्यात निम्मी चांदी. म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदीच त्या वेळच्या भावाने हजाराच्या पुढे जात होती. असे नाणे 75 रुपयांच्या भाजीसाठी कोण काढून देईल?

स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे निघाले ते नेहरूंच्या निधनानंतर, 1964 मध्ये. एक रुपया आणि 50 पैसे, दोन्ही रोजच्या वापरातले. 1969 मध्ये गांधी जन्मशताब्दीला 10 रुपयांचे चांदीचे नाणे आले: 15 ग्रॅम वजन, 80 टक्के चांदी. आणि स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाला, 1972 मध्ये, दोन वाटा स्पष्ट दिसल्या. लोकांच्या हाती आठ आण्याचे नाणे पडले, हौशी संग्राहकांसाठी 10 रुपयांचे चांदीचे. गंमत अशी की हे चांदीचे नाणे गांधींच्या नाण्यापेक्षा दीडपट जड, साडेबावीस ग्रॅमचे. पण चांदी निम्मीच, त्यामुळे प्रत्यक्ष चांदी भरते सव्वाअकरा ग्रॅम. गांधींच्या नाण्यात 12 होती.

तेव्हा वर्षे 25 असली तरी नाणे 25 रुपयांचे पाडावे असे कुणाला वाटले नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या सुवर्णमहोत्सवाला 1985 मध्ये 100 रुपयांचेही नाणे निघाले. 1997 मध्ये मात्र आकडे जुळले. स्वातंत्र्याची 50 वर्षे, म्हणून दांडीयात्रेचे चित्र असलेले 50 पैसे आणि जोडीला चांदीचे 50 रुपये. पुढे ही रीतच पडली. रिझर्व्ह बँकेची 75 वर्षे, 75 रुपये. प्राप्तिकराची 150 वर्षे, 150 रुपये. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली, तर 1000 रुपये. 2011 च्या नाणे कायद्यात दर्शनी किमतीची कमाल मर्यादाही 1000 रुपयेच आहे, तेव्हा त्याहून जुन्या मंदिरांची पंचाईतच.

खिशातली वाट बंद झाली, असे नाही. 1999 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे 2 रुपयांचे अकरा कोनांचे नाणे आले, ते किराणा दुकानाच्या गल्ल्यातून आणि बसच्या तिकिटातून फिरले. अमृतमहोत्सवाचे बोधचिन्ह असलेली 1, 2, 5, 10 आणि 20 रुपयांची नाणी 6 जून 2022 रोजी आली, तीही सुट्यांमध्ये मिसळण्यासाठीच. पाकिटात 20 चे नाणे असेल तर उलटून पाहा. सालाखाली पत्त्यातल्या चौकटीसारखा ठिपका दिसला, तर ते मुंबईच्या टांकसाळीतले.

25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून बाद झाली, 50 पैसे नाहीत. त्यामुळे 1972 चे ते आठ आणे कायद्याने आजही चालतात. दुकानदार घेत नाही, ही गोष्ट वेगळी.