मिसळीची तर्री, मैला आणि वीज

रविवारी सकाळी नाशिकमधल्या मिसळीच्या दुकानांत बसायला जागा मिळत नाही. दुपारपर्यंत त्याच दुकानांच्या मागच्या दाराशी पिंपं भरतात. त्यात उरलेला रस्सा असतो, भिजलेले पाव असतात, कांद्याची सालं आणि कोथिंबिरीच्या काड्या असतात. याची वीज करायची तर आधी ठरवावं लागतं, जाळायचं की कुजवायचं?

जाळणं सोपं वाटतं. पण खरकट्यात शंभरातले सत्तर-पंचाहत्तर भाग नुसतं पाणी असतं. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायलाच सुमारे 540 किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे भट्टीची बरीचशी ताकद पाणी उडवण्यातच जाते. दिल्लीत तिमारपूरला 1987 साली कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभा केला होता. नीट पेट घेईल असा कचराच मिळेना, म्हणून तो लवकरच बंद पडला. ओला कचरा पचवावा लागतो.

विल्होळीजवळच्या खतप्रकल्पाच्या आवारात नाशिक महापालिकेनं जर्मनीच्या मदतीनं 2017 साली असा पचवणारा प्रकल्प सुरू केला. दिवसाला 30 टन क्षमतेच्या या प्रकल्पात हॉटेलांतलं खरकटं आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र घालायचा, असा आराखडा होता. मैल्याचं नाव काढलं की आपण नाक मुरडतो, पण मैल्याच्या गॅसवर दिवे लावणं आपल्या राज्याला नवं नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या वसतिगृहात 1897 सालीच तो प्रयोग झाला होता. विल्होळीच्या आराखड्यातली हुशारी आहे ती या दोन्हींच्या जोडीत.

हवाबंद टाकीत सूक्ष्मजीवांच्या टोळ्या ओळीनं कामाला लागतात. पहिली टोळी पिष्ट, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ फोडते. पुढच्या टोळ्या त्यांची आम्लं करतात, त्यातूनच ॲसेटिक आम्ल म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलं आम्ल तयार होतं. शेवटची टोळी त्याचा मिथेन करते. आधीच्या टोळ्या भराभर वाढतात, शेवटची मात्र फार सावकाश. तिला दुप्पट व्हायला कित्येकदा काही दिवस लागतात.

टाकीत नुसतं खरकटं ओतलं तर भात-पाव झटकन फुटतात आणि आम्ल साचू लागतं. टाकीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; आम्ल वाढलं की तो उतरतो) साडेसहाच्या खाली घसरला की मिथेन करणारे जीव मंदावतात. ते मंदावले की आम्ल वापरणारं कुणी उरत नाही, मग सामू आणखी घसरतो. टाकी अशी एकदा आंबली की ती पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे जाऊ शकतात.

इथं मैला कामाला येतो. त्यात नायट्रोजन भरपूर असतो. तो पचताना अमोनिया सुटतो आणि टाकीतल्या आम्लाचा जोर मोडतो. शिवाय माणसाच्या आतड्यातून आलेले, हवेवाचून जगायची सवय असलेले जीवाणूही त्याच्याबरोबर आयतेच येतात. नुसता मैला घातला तर मात्र गॅस बेताचाच मिळतो, कारण त्यातली बरीचशी ऊर्जा आपल्या पोटानं आधीच काढून घेतलेली असते. एकात ऊर्जा आहे, दुसऱ्यात तोल. मला या प्रकल्पातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

आपल्या तर्रीचंही असंच. तेलातून वजनाच्या मानानं सर्वाधिक गॅस मिळतो, पण एकदम फार तेल गेलं तर त्याचा थर वर तरंगतो आणि त्यातली मेदाम्लं मिथेन करणाऱ्या जीवांना गुदमरवतात. चमचे, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि मैल्याबरोबर येणारी वाळू यांचा त्रास वेगळाच. वाळू तळाशी बसून टाकीची जागा खात राहते.

आता हिशेब. एक टन चांगल्या खरकट्यातून साधारण 100 घनमीटर बायोगॅस मिळतो. तो उष्णतेच्या दृष्टीनं घरच्या तीन सिलिंडरांइतका होतो, आणि इंजिनात जाळला तर सुमारे 200 युनिट वीज देतो. विल्होळीच्या प्रकल्पातून दिवसाला सुमारे 3,300 युनिट वीज अपेक्षित धरली होती. महिन्याला 100 युनिट वापरणारी घरं धरली, तर ही जेमतेम हजार घरांची वीज. 2011 च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या 14.86 लाख होती. एवढ्या विजेनं शहर उजळणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. मला मोल वाटतं ते दुसऱ्या दोन गोष्टींचं. हेच खरकटं ढिगाऱ्यात कुजलं तर मिथेन थेट हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. आणि टाकीत गेलेला मैला नाल्यातून गोदावरीत जात नाही.

2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. पर्वणीच्या दिवसांत अन्नछत्रांचं खरकटं आणि तात्पुरत्या शौचालयांचा मैला एकदम कित्येक पटींनी वाढेल. टाकीला हे एका रात्रीत चारता येणार नाही, तिथले जीव तेवढ्या वेगानं वाढतच नाहीत. रोजचा खुराक काही आठवडे आधीपासून थोडा थोडा वाढवत न्यावा लागेल, सामू आणि आम्लं रोज मोजत. पहिल्या स्नानाला विल्होळीत पुरेसे जीव हवे असतील, तर त्यांची पोसवणूक त्या उन्हाळ्यातच सुरू झालेली असायला हवी.