मुंबईच्या जंगलाबद्दल कुणाला विचारलं गेलं?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या इको-सेन्सिटिव्ह झोनची, म्हणजे उद्यानाला संरक्षण म्हणून राखायच्या पट्ट्याची, अंतिम अधिसूचना केंद्र सरकारने ५ डिसेंबर २०१६ रोजी काढली. तेव्हा चर्चा झाली ती पट्टा किती रुंद ठेवला आणि मेट्रोच्या कारशेडची जागा त्यातून कशी वगळली याची. पण त्याच अधिसूचनेत आणखी एक बंधन होतं. या पट्ट्यासाठी दोन वर्षांत झोनल मास्टर प्लॅन, म्हणजे कुठे काय चालेल याचा आराखडा, तयार करायचा, आणि तो स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून करायचा. मुदत डिसेंबर २०१८ मध्ये संपली. मसुदा हरकती-सूचनांसाठी लोकांपुढे आला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी.

हा उशीर एका महापालिकेचा किंवा एका सरकारचा म्हणून सोडून देता येत नाही. या रानाबद्दल लोकांना विचारायची जी रीत पडली आहे, ती दीडशे वर्षं जुनी आहे. आधी नकाशावर रेघ ओढायची, मग मुदत द्यायची, मग हरकती मागवायच्या. रेघ ओढण्याआधी आत राहणाऱ्याकडे जाऊन बसायचं, हे फार थोड्या वेळा घडलं.

उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं. पश्चिमेला बोरिवली-गोरेगाव, पूर्वेला मुलुंड-भांडुप, उत्तरेला ठाणे. मधोमध कान्हेरीची लेणी. ब्रिटिशांच्या काळात हे रान वाचलं त्याचं मोठं कारण शहराची तहान. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये. पाणी स्वच्छ राहावं म्हणून तलावांच्या वरचं रान राखलं गेलं. त्या रानात आणि त्याच्या कडेला वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे होते. आजही आहेत. शहर त्यांच्याभोवती नंतर वाढलं.

१८७८ चा वनकायदा आला तेव्हा साष्टी, म्हणजे हे रान ज्या भागात आहे तो, ठाणे जिल्ह्याचा तालुका होता. या कायद्याने जंगल राखीव करण्याची पद्धत ठरवून दिली. सरकारने आधी अमुक जमीन राखीव करायचा इरादा जाहीर करायचा. मग वन जमाबंदी अधिकाऱ्याने, म्हणजे जमिनीवरचे हक्क तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, आसपासच्या प्रत्येक गावात, तिथल्या भाषेत, जाहीरनामा लावायचा. ज्याचा काही हक्क असेल त्याने ठरलेल्या मुदतीत, निदान तीन महिन्यांत, दावा सांगायचा. मुदतीत दावा न सांगितलेला हक्क बुडाला असं धरायचं. १९२७ च्या कायद्याने ही पद्धत जवळजवळ जशीच्या तशी पुढे चालवली आणि आजही राखीव जंगल याच मार्गाने जाहीर होतं.

स्थानिक भाषेची अट कायद्यात होती, हे मान्य करायलाच हवं. पण ज्याला अक्षरओळख नाही, ज्याचा हक्क कुठल्या कागदावर नाही, रोजच्या जगण्यात आहे, त्याच्यासाठी तीन महिन्यांचा जाहीरनामा म्हणजे भिंतीवरचा एक कागद. तो आला आणि पावसात भिजून गेला.

त्या हक्कांतला सगळ्यात मोठा होता राब. उत्तर कोकणातल्या भातशेतीत रोपांच्या वाफ्यावर पावसाआधी राब भाजायची पद्धत आहे. ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या तोडून वाळवायच्या, वाफ्यावर पसरायच्या, वर शेण, गवत, पालापाचोळा आणि शेवटी मातीचा पातळ थर द्यायचा. वैशाखात वारा पडलेला बघून पेटवायचं. जमीन भाजली की तणाचं बी मरतं, राख खत होते, माती भुसभुशीत होते. त्यात टाकलेलं भात तरारून वर येतं. हे सगळं चालायचं ते गावाजवळच्या झाडांच्या फांद्यांवर. झाड मुळासकट कुणी पाडत नसे, कारण पुढच्या वर्षी फांद्या त्याच्याच हव्या असत. जंगल खात्याच्या दृष्टीने मात्र ही नासधूस होती. फांदी तोडायला परवाना लागू लागला. राब नाही म्हणजे रोप नाही, आणि रोप नाही म्हणजे वर्षाचं भात नाही.

ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. बॉम्बे फॉरेस्ट कमिशन म्हणून तो ओळखला जातो आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. राब, चराई, सरपण, ताडी-माडी असे विषय त्यात आले. मुंबईजवळच्या जंगलाबद्दल लोकांचं म्हणणं सरकारी पातळीवर रीतसर ऐकून घेण्याचा हा पहिला मोठा प्रसंग, असं मी मानतो. पण याही वेळी रेघ आधी ओढलेली होती. चर्चा होती ती आतल्या माणसाला काय सवलत द्यायची याची. हक्क हा शब्द मागे पडला आणि सवलत हा शब्द रुळला. तो फरक फार महागात पडला, कारण सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५० मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला, देशातल्या अशा सुरुवातीच्या कायद्यांपैकी एक. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात जाहीरनाम्यानंतर दावा सांगायची मुदत दोन महिन्यांची झाली, आणि राष्ट्रीय उद्यानात आतल्या जमिनीवरचे सर्व हक्क सरकारकडे जायला हवेत, अशी अट आली. वाघ-बिबट्यांसाठी हा कायदा आवश्यक होता, याबद्दल मला शंका नाही. पण पाड्यावरचं घर त्याच्या भाषेत अतिक्रमण ठरू शकत होतं.

१९५० च्या त्या कायद्याच्या सुमारास उद्यानाशेजारी वेगळंच काही उभं राहत होतं. १९४९ मध्ये आरे दूध वसाहत सुरू झाली. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर काढून एका जागी आणायचे आणि मुंबईला चांगलं दूध द्यायचं, ही दारा खुरोडी यांची कल्पना. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन दुग्धविकास खात्याकडे गेली, आणि तिच्यावरचे पाडेही तिच्याबरोबर गेले. एकाच रानाचे असे कागदोपत्री तुकडे झाले. एका पाड्याचा धनी वन खातं, पलीकडच्याचा दुग्धविकास, आणि पाणी-दिव्यासाठी जायचं महापालिकेकडे. वीज मागितली की एक खातं दुसऱ्याचं ना हरकत पत्र मागतं. आरेत पाड्यांची संख्या २७ सांगितली जाते. त्यांच्याशी बोलायचं कुणी, याचं उत्तर या वाटणीत हरवलं.

१ जून १९९० रोजी केंद्राने संयुक्त वनव्यवस्थापनाचा ठराव केला आणि १६ मार्च १९९२ रोजी महाराष्ट्राने आपला शासन निर्णय काढला. गावाने समिती करायची, जंगल राखायचं, उत्पन्नात वाटा घ्यायचा. सातपुड्यात आणि विदर्भात कुठे कुठे त्यातून चांगलं काम झालं. पण ही योजना होती उजाड झालेल्या वनजमिनींसाठी, राष्ट्रीय उद्यानांसाठी नव्हे. मुंबईच्या पाड्यांना तिचा स्पर्श झाला नाही.

त्यांच्या वाट्याला त्याच दशकात आला तो न्यायालयाचा आदेश. उद्यानातल्या झोपड्यांविरुद्ध बॉम्बे एन्व्हायरन्मेंटल ॲक्शन ग्रुपने १९९५ मध्ये जनहित याचिका केली. ७ मे १९९७ रोजी उच्च न्यायालयाने अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा असेल त्याला पुनर्वसन, बाकीच्यांना बाहेरचा रस्ता. पात्र कुटुंबांनाही घरासाठी आधी ७,००० रुपये भरायचे होते. पुढच्या काही वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. उद्यानाच्या कडा भराभर खाल्ल्या जात होत्या आणि कुणीतरी ते थांबवायला हवं होतं, हे खरं. पण मागून येऊन दलालाकडून जागा घेतलेला, रोजगारासाठी आलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच असलेला वारली, या तिघांना एकाच चाळणीतून काढलं गेलं. ज्याच्याकडे कागद कमी, तो आदिवासीच होता.

या सगळ्या इतिहासात विचारण्याची रीत उलटी झाल्याचं एकच उदाहरण मला ठळक दिसतं, आणि ते बिबट्यामुळे घडलं.

२००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या कडेला माणसांवर हल्ले वाढले. जून २००४ फार वाईट गेला. ठरलेला उपाय म्हणजे पिंजरे लावायचे, बिबटे पकडायचे, दुसरीकडे सोडायचे. वन्यजीव संशोधक डॉ. विद्या अत्रेय यांच्या जुन्नर भागातल्या अभ्यासातून उलटंच दिसलं होतं. पकडून हलवलेला बिबट्या अनोळखी जागी जातो, तिथे संघर्ष वाढतो, आणि रिकाम्या जागेत दुसरा येतो. २०११ मध्ये वन खातं, संशोधक आणि नागरिक यांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला; एसजीएनपी ही उद्यानाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. तेव्हा सुनील लिमये उद्यानाचे प्रमुख होते. या लोकांनी वस्त्यांत, सोसायट्यांत, पोलीस ठाण्यांत, वार्ताहरांसमोर बसून आधी ऐकून घेतलं. बिबट्या कुठे दिसतो, किती वाजता, तिथे कचरा पडतो का, कुत्री-डुकरं किती, बायका-पोरांना रात्री शौचाला कुठे जावं लागतं. उपाय या उत्तरांतून निघाले. कचरा उचलायचा, वाटेवर दिवे लावायचे, पोरांनी अंधारात घोळक्याने जायचं, बिबट्या दिसला की गर्दी करायची नाही. पिंजऱ्यावरचा भर कमी झाला, आणि हल्लेही पुष्कळ कमी झाले.

पाड्यावर यातलं बरंचसं आधीपासून ठाऊक होतं. वारली वाघोबाला देव मानतात. शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडी फळी, तीवर वाघ, बाजूला चंद्र आणि सूर्य. वाघबारशीला नारळ, कोंबडा. वाघोबाचा वावर आहे हे धरूनच दिवसाची आखणी होते. शास्त्रज्ञांनी कॅमेरे लावून जे सिद्ध केलं, त्यातली पायवाट दाखवणारी माणसं अनेकदा पाड्यावरचीच होती.

२००६ च्या वनहक्क कायद्याने कागदावर सगळंच बदललं. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या आदिवासींचे हक्क मान्य करायचे, आणि सुरुवात ग्रामसभेने करायची. दावा घेणं, तपासणं, ठराव करणं, सगळं आधी ग्रामसभेत. राष्ट्रीय उद्यानेही यातून वगळली नाहीत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये याच कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. गावाच्या सभेने जंगल सांभाळायचं, विकायचं काय ते ठरवायचं. लोकसहभाग कसा असतो हे बघायचं तर तिथे.

मुंबईत मात्र पहिल्याच पायरीवर पाय अडतो. महापालिकेच्या हद्दीत ग्रामपंचायत नाही, म्हणून रूढ अर्थाची ग्रामसभा नाही. गंमत नव्हे, दुःख असं की ‘पाडा’ हा शब्द खुद्द या केंद्रीय कायद्यात आहे. ग्रामसभेच्या व्याख्येत, पंचायती नसलेल्या राज्यांसाठी, पाडे, टोले आणि इतर पारंपरिक ग्रामसंस्था चालतील असं म्हटलं आहे. महाराष्ट्रात पंचायती आहेत, त्यामुळे शब्द आपला असून सवड दुसऱ्यांना. पंचायती असलेल्या राज्यातल्या शहरी पाड्याचा विचार त्या वाक्यात नाही.

आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडण्याचा वाद बहुतेकांना आठवतो, म्हणून थोडक्यात. झाडांसंबंधीच्या १९७५ च्या राज्य कायद्यानुसार तोडायच्या झाडावरच नोटीस चिकटवावी लागते, वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि हरकती घ्याव्या लागतात. आरेतल्या झाडांसाठी ८० हजारांहून अधिक हरकती गेल्या. २९ ऑगस्ट २०१९ रोजी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ हलवायला परवानगी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं पडली होती. हरकती नोंदवल्या गेल्या, मोजल्या गेल्या. त्यांनी निर्णय काय बदलला, हा प्रश्न हरकत पाठवणाऱ्यांनी तेव्हा विचारला आणि तो रास्त होता.

२०२० मध्ये आरेची ८१२ एकर जमीन राखीव जंगल करण्याचा निर्णय झाला. मला तो आवडला. पण मार्ग पुन्हा तोच, १९२७ च्या कायद्याचं कलम ४: इरादा, जमाबंदी अधिकारी, जाहीरनामा, दावे. आदिवासींचे हक्क अबाधित राहतील, असं सरकारने तेव्हा सांगितलं. ते कागदावर यायचं तर पाड्यावरच्या माणसाला पुन्हा आपली विहीर, आपली वाडी, पावसाळ्यात भाजी गोळा करायची जागा आणि वाघोबाचा दगड सर्व्हे नंबरच्या भाषेत सांगावा लागतो.

झोनल मास्टर प्लॅनलाही हेच लागू आहे. असे नकाशे सर्व्हे नंबर आणि रंगांवर चालतात. पाड्यावर जागेला नावं असतात, झाडावरून, ओढ्यावरून, कुणा आजोबावरून. सुनावणी वॉर्ड ऑफिसच्या सभागृहात कामाच्या दिवशी ठेवली, तर रोजंदारी बुडवून जो येऊ शकतो तोच बोलतो. पाड्यावर संध्याकाळी, मराठीत, मोठा नकाशा जमिनीवर अंथरून तीच माणसं तासाभरात ती नावं बोटाने दाखवतील. मग त्या नावांभोवती रेघ कशी ओढायची, ते ठरवता येईल.